पाठीवरचा दवाखाना

१९८८ मध्ये म्यानमारच्या लष्कराने लोकशाहीवादी आंदोलन चिरडले. तेव्हा जंगलातून थायलंडमध्ये आलेल्यांत डॉ. सिंथिया माँग ही म्यानमारच्या करेन समाजातली तरुण डॉक्टर होती. पुढच्याच वर्षी तिने सीमेवरच्या मे सॉट गावात दवाखाना सुरू केला. सुरुवातीला तिथली उपकरणे भात शिजवायच्या कुकरमध्ये निर्जंतुक केली जात. तोच पुढे ‘मे ताव क्लिनिक’ झाला. बाळंतपणे, मलेरिया, लसीकरण या सगळ्याची सोय तिथे आहे. भूसुरुंगात पाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम पायही तिथेच तयार होतात. डॉ. सिंथिया यांना २००२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण सीमेपर्यंत ज्यांना येताच येत नाही, त्यांचे काय? म्यानमारच्या करेन भागात १९४९ पासून लष्कराशी लढाई धुमसते आहे. तिथल्या गावांसाठी १९९८ मध्ये ‘बॅक पॅक हेल्थ वर्कर टीम’ उभी राहिली. तीन ते पाच कार्यकर्ते पाठीवर औषधे घेऊन डोंगर तुडवतात, गावातल्या सुईणींना प्रशिक्षण देतात. ही माणसे त्याच मुलखातली, त्याच भाषेची. कोणती वाट सुरुंगांची, लष्कर आल्यावर गाव कुठे लपते, हे त्यांना ठाऊक असते. बाहेरच्या संस्थेला ते शिकवून येत नाही. या कामात काही कार्यकर्त्यांनी जीवही गमावला आहे.

या कामांसाठी पैसा मात्र बहुतांशी परदेशी देणगीदारांचा. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने मदत गोठवली आणि सीमेवरच्या निर्वासित छावण्यांतले, अशाच मदतीवर चालणारे दवाखाने बंद पडले.