रबराचे म्हातारपण

माणूस म्हातारा झाला की त्याची हाडे कुरकुरू लागतात. फटफटी म्हातारी झाली की तिचे रबर कडक होते. एम. ए. ला हे ज्ञान मला कुणी दिले नव्हते. ते मला करंजी घाटात मिळाले, आणि तेही मुलाला मागे बसवून!

आमच्याकडे वडिलांची येझदी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी ह्या नावाने गाड्या काढल्या, त्यांपैकी ही एक. किक आणि गिअर ह्या दोहोंचे काम एकच दांडी करते. वडील गेल्यावर बारा वर्षे ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. "भंगारवाल्याला देऊन टाका एकदाची," असे हिचे म्हणणे. पण चिरंजीव कॉलेजात गेले आणि त्यांना आजोबांच्या गाडीचे वेड लागले. आम्ही बापलेकांनी ती धुतली, प्लग बदलला, बॅटरी बदलली. सातव्या किकला गाडी खोकली आणि चालू झाली. टायरची नक्षी तर अगदी नव्यासारखी! नवरात्रात मोहटादेवीला निघालो.

घाटात मुलगा म्हणाला, "बाबा, पेट्रोलचा वास येतोय."

"जुनी गाडी आहे, यायचाच," मी प्राध्यापकी थाटात म्हणालो.

"बाबा, थांबा!"

थांबलो. टाकीखालच्या नळीला बारीक बारीक चिरा पडल्या होत्या आणि पेट्रोल थेंबाथेंबाने तापलेल्या इंजिनावर पडत होते. मी कॉक बंद केला, तेव्हा माझे हात थरथरत होते. मुलाने नळी जरा वाकवली, तर ती वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी मोडली. आम्ही टेंपोतून परत आलो. देवीनेच वाचवले, असे आई म्हणाली. मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी माळीवाड्यातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीभर अंगठ्याचे नख दाबत फेरी मारली आणि म्हणाले, "सर, लोखंड टिकतं हो. गाडी मरते ती रबरानं."

मग मीही थोडे वाचन केले. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला आढळले, की गंधक मिसळून तापवले तर ते लवचीक राहते. रबराच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात, म्हणून ताणले तरी ते पुन्हा जागेवर येते. पण पुढे हवेतला प्राणवायू आणि उष्णता आणखी पूल बांधतच राहतात. रबर मऊ ठेवणारी तेलेही हळूहळू निघून जातात. पूल फार झाले, की साखळीला हलायला जागाच उरत नाही. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला चिरा पाडतो तो वेगळाच. म्हणजे गाडी नुसती उभी ठेवली तरी तिचे वय वाढतेच!

कडक झालेले रबर पुन्हा मऊ करता येते का? थोडेसे, आणि तेही काही दिवसच. गुडघेदुखीच्या मलमाला ज्या विंटरग्रीन तेलाचा वास येतो, ते झायलीनमध्ये मिसळून त्यात रबर भिजवतात. रबर फुगते, मऊ पडते. पण तुटलेल्या साखळ्या काही जुळत नाहीत. फूटरेस्टचे रबर, हँडलच्या मुठी किंवा न मिळणारे एखादे बूच ह्यांना हा उपाय ठीक. हे काम उघड्यावर करावे आणि विस्तवापासून दूर करावे. रॉकेल किंवा इंजिन ऑइल चोळण्याची घरगुती युक्ती मात्र करू नये. त्याने नैसर्गिक रबर फुगून बिघडते.

पेट्रोलची नळी, ब्रेकचे रबर, ऑइल सील आणि टायर ह्यांच्या बाबतीत मात्र दयामाया नको, ते बदलायचेच. येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाडीत क्रँकचे सील कडक झाले, की तिथून फाजील हवा आत शिरते, पेट्रोलचे प्रमाण घटते आणि इंजिन तापून जाम होऊ शकते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्यासाठी घडवलेले नव्हते, म्हणून इथेनॉल सोसणारी नळीच मागून घ्यावी.

टायरचे वय त्याच्या कडेवर लिहिलेले असते. चार आकडे शोधा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या 'नव्यासारख्या' टायरवर ०८१२ होते, म्हणजे २०१२ सालचा आठवा आठवडा! नक्षी शाबूत होती, पण रबर पाटीसारखे टणक. ओल्या रस्त्यावर त्याने काय केले असते, ह्याचा विचार नकोसा वाटतो.

दीड महिना आणि बरेच पैसे गेले. ते ऐकून ही म्हणाली, "एवढ्यात माझ्या पाटल्या झाल्या असत्या." पण परवा तीच दारात उभी राहून म्हणाली, "मला जरा चितळे रोडपर्यंत सोडता का गाडीवर?"

मी किल्ली घेतली. तेवढ्यात चिरंजीव पुढे झाले आणि त्यांनी टाकीखाली वाकून नळीवर अंगठ्याचे नख दाबून पाहिले. मोडलेली जुनी नळी शेडमधल्या खिळ्याला त्यांनीच टांगून ठेवली आहे.

"हं, जा आता," ते म्हणाले. अगदी माझ्या वडिलांच्या आवाजात!