कुमुदिनीचे बिऱ्हाड

वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. चंद्राला पाहून उमलणाऱ्या कुमुदिनीविषयी या वीस वर्षांत मी किती तास बोललो असेन, त्याचा हिशेब नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ती भेटते, आणि पुढे पंडित कवींपर्यंत तिचा नि चंद्राचा संसार चालूच राहतो. गंमत अशी की, आमच्याच चाळीच्या मागल्या हौदात जे गुलाबी फूल फुलत असे, त्याकडे कुमुदिनी म्हणून मी कधी पाहिलेच नव्हते. पाहणार तरी कसे? ते सकाळी नऊच्या सुमाराला उघडायचे आणि दुपारी चारला कचेरी सुटल्यासारखे मिटायचे. चंद्राशी त्याची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता.

टेंभी नाका म्हटले की ठाण्याबाहेरच्या वाचकांना नवरात्रातली देवी आठवते. आनंद दिघे यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या त्या उत्सवात आम्हांला स्वतःच्या चाळीत शिरण्यासाठीदेखील गर्दीतून वाट काढावी लागे. पण समोर कितीही गलबला असो, मागच्या अंगणात शांतता असे. तिथे एक विहीर होती आणि विहिरीला लागून सहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट खोल असा हौद होता. घरोघरी नळ आले आणि हौद रिकामा पडला. मी सातवीत असताना बाबांनी पुण्याच्या एका स्नेह्याकडून ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक गड्डा आणला, सिमेंटच्या कुंडीत लावला आणि हौदात सोडला. शेजारपाजारच्यांनी डासांचा धाक घातला. बाबांनी दुसऱ्याच आठवड्यात गप्पी मासे आणून सोडले. डासांच्या अळ्या हे त्या माशांचे आवडते खाद्य, त्यामुळे साठलेले पाणी तपासायला येणारी महापालिकेची माणसेही हौदात डोकावून निमूटपणे पुढे जात.

बाबा गेले त्याला आता सहा वर्षे झाली. त्यानंतर हौदाकडे कोणी फारसे पाहिले नाही, आणि गेली दोन वर्षे एकही फूल आले नाही. पाने मात्र उदंड! एरवी पाण्यावर निजून असणारी ती पाने आता एकमेकांना ढकलत पाण्याच्या वर उभी राहिली होती. घरचे म्हणत, ‘बाबांबरोबर फुलेही गेली.’ मीही ते मनातल्या मनात मान्य करून बसलो होतो.

अशातच चाळीच्या पुनर्विकासाचे ठरले. मेअखेर जागा रिकाम्या करायच्या, तीन-चार वर्षांनी नव्या इमारतीत परत यायचे. भांडीकुंडी, कपाटे, पुस्तके, सगळ्यांच्या याद्या झाल्या. हौदाचे नाव कोणाच्याच यादीत नव्हते. तळमजल्यावरच्या काकूंनी मला एका रविवारी अंगणात गाठले.

“अरे, तुझ्या बाबांच्या फुलाचं काय करणार?”

“काकू, ते आता फुलत नाही हो.”

“फुलेल कसं? दहा माणसं एका खोलीत कोंबलीस तर एकाला तरी धड झोप लागेल का? काप त्याला!”

काकू मुरबाडकडच्या. माहेरी भातशेती, दारात डबके, त्यात उपळी. त्या उपळीचे देठ सोलून भाजी करीत, हे त्यांनी मला सांगितले तेव्हा माझ्या काव्यशास्त्राला थोडासा धक्काच बसला. पण बाबांच्या हातचे झाड मी सुरीने कापायचे, हे मनाला पटेना. म्हणून, मास्तराची खोड, आधी वाचायला बसलो.

वाचल्यावर पुष्कळ उलगडा झाला. आपण ज्याला सरसकट कमळ म्हणतो त्यात निदान दोन निराळी घराणी आहेत. लक्ष्मीपूजनासाठी जांभळी नाक्यावर ज्या कळ्या घेतो ते खरे कमळ. त्याचे पान थाळीसारखे गोल, देठ मधोमध, आणि पान पाण्याच्या चांगले वर उभे. कुमुदाच्या पानाला मात्र देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर पसरते. कुमुदांतही काही दिवसा फुलतात, काही रात्री. आपल्या तळ्यांतली पांढरी-तांबडी जात संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की मिटते. कवींनी पाहिली ती हीच, तेव्हा त्यांची काही चूक नव्हती. निळे उत्पल मात्र दिवसाचे. आणि साताऱ्याजवळ कासच्या पठारावर ज्या तळ्याला कुमुदिनी तलाव म्हणतात, त्यातली झालरीची इवलीशी पांढरी फुले या कुळातली नव्हेतच. ती निम्फॉइडिस नावाची वेगळीच वनस्पती. नावे देताना लोक शास्त्र विचारीत नाहीत आणि विचारूही नये, असे माझे मत आहे.

मग आमच्या हौदात होते ते कोण? ती थंड मुलखातली काटक जात. वर बर्फ साचले तरी तळाशी चिखलात तिचा गड्डा जिवंत राहतो. युरोपच्या तळ्यांत पूर्वी पांढरीच लिली असे. फ्रान्समधल्या लातूर-मार्लियाक नावाच्या गृहस्थांनी तिचा अमेरिकेतल्या जातींशी संकर करून पिवळ्या, गुलाबी, तांबड्या काटक लिली तयार केल्या आणि १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडल्या. चित्रकार क्लोद मोने यांनी पुढे त्यांच्याकडूनच रोपे मागवली. १८९३ मध्ये मोने यांनी जिव्हेर्नी गावी तळे करायला घेतले, तेव्हा गावकऱ्यांनी तक्रार केली की, या परदेशी झाडांनी नदीचे पाणी विषारी होईल! हे वाचून मला आमच्या चाळीतले डासांचे भांडण आठवले आणि फार बरे वाटले. आज जगभरच्या बागांतल्या रंगीत काटक लिलींपैकी पुष्कळशा याच मार्लियाकच्या घराण्यातल्या. आमची त्यांपैकी नेमकी कोणती, हे बाबांनाही ठाऊक नसावे.

फुले थांबण्याचे कारण काकूंनी सांगितले तेच निघाले. हा गड्डा जमिनीत खाली जात नाही, आल्यासारखा आडवा सरकतो. पुढच्या टोकाला डोळा असतो, तिथून पाने आणि कळ्या येतात, मागचा भाग म्हातारा होत जातो. वर्ष-दोन वर्षांत टोक कुंडीच्या कडेला भिडते. बाजूने नवे डोळे फुटतात, मातीतले अन्न संपते, पाने एकमेकांवर सावली धरतात. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी कुंडी उपसून गड्डा वेगळा करावा लागतो. बाबा हे करीत असले पाहिजेत. होळीच्या आसपास अंगणात चिखलाचा वास येत असे आणि आई त्यांना बंबाशी पाय धुतल्याशिवाय घरात घेत नसे, एवढे मला आठवते. ते काय करीत, हे विचारावे असे मला कधी वाटले नव्हते.

थंडी सरली, ऊन तापू लागले, की हे काम करावे. फेब्रुवारीअखेरच्या रविवारी आम्ही तिघांनी मिळून कुंडी बाहेर काढली. सिमेंटला तडा गेला होता आणि मुळे बाहेर पडून हौदभर पसरली होती. नळाच्या पाण्याने माती धुतली, तसा काळा, कुजका दर्प सुटला. वरच्या मजल्यावर धडाधड खिडक्या लागल्या. आत मनगटाएवढे जाड गड्डे एकमेकांत गुंतून बसलेले होते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात याला मूलक्षोड म्हणतात. तो शब्द मी काकूंना ऐकवला, त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

सुरी स्पिरिटने पुसून घेतली. तरीही पहिला घाव मला घालवेना. काकूंनी हातातून सुरी घेतली नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी घातला. आतला गर पांढरा नि टणक निघाला, तेव्हा हायसे वाटले. तो मऊ आणि वास मारणारा निघता तर टाकूनच द्यावा लागता. ज्या टोकाला जोमदार डोळा आहे, त्याच्यामागे चार बोटे गड्डा ठेवून तुकडा करायचा, जुनी मुळे आणि मोठी पाने छाटायची, कोवळी दोन-तीन ठेवायची. असे नऊ तुकडे झाले. उरलेली पाटीभर जुनी खोडे फेकून द्यावी लागली, आणि खरे सांगायचे तर तीच बाबांनी लावलेली होती.

आता माती. मी शहाणपणा करून रोपवाटिकेतून कुंडीत भरायचे तयार मिश्रण आणले होते. ते पाण्यात घालताच नारळाचा भुसा वर तरंगला आणि हौदाचा चहा झाला. शेणखत, पालापाचोळा यांचेही इथे काम नाही, कुजून पाणी नासते. हवी ती जड, चिकण माती. काकूंच्या भाच्याने भातखाचरातली दोन पोती आणून टाकली. कुंडी खोल नको, पसरट हवी. तुकडा मधोमध न लावता कडेला लावायचा, शेपूट कडेकडे आणि डोळा मध्याकडे, म्हणजे त्याला सरकायला अख्खी कुंडी मिळते. जरा तिरका ठेवायचा आणि डोळा मातीच्या वर उघडा ठेवायचा. मी पहिले दोन तुकडे बटाट्यासारखे पुरले. पंधरा दिवसांत ते सडले. उरलेल्या सातांवर बारीक खडी पसरली आणि कुंड्या आधी विटांवर, वीतभर पाण्यात ठेवल्या. नवी पाने पृष्ठभागावर आली तशा विटा काढून त्या खाली नेल्या. महिन्याभराने हाडाच्या खताची पुडी कागदात बांधून मातीत खोल खुपसली. वरून टाकले तर खत पाण्यात उतरते आणि शेवाळाचे फावते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका कुंडीत कळी दिसली. सकाळी नऊला सगळी चाळ हौदाभोवती. फूल तीन दिवस उघडले-मिटले, चौथ्या दिवशी पाण्याखाली गेले.

मेमध्ये बिऱ्हाडे हलली. चाळीत अकरा घरे, रोपे सात. चार घरांनी आपण होऊन नको म्हटले, भाड्याच्या घरात टब ठेवू देत नाहीत म्हणून. बाकीची डोंबिवली, कल्याण, बदलापूर, कळवा अशी पांगली. प्रत्येकाबरोबर पिशवीत आठ-दहा गप्पी मासे दिले. हौद जूनमध्ये बुजवला. मी पाहायला गेलो नाही.

काकू लेकीकडे बदलापूरला आहेत. त्यांच्या गच्चीवरच्या टबात आतापर्यंत अकरा फुले झाली, असे त्या फोनवर मोजून सांगतात आणि माझ्या टबाची चौकशी करतात. माझ्याकडे कल्याणच्या गॅलरीत पानेच आहेत. या झाडाला दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन लागते, माझ्या गॅलरीत जेमतेम अडीच तास येते. सोसायटीच्या चिटणिसांकडे गच्चीवर टब ठेवण्यासाठी अर्ज दिला आहे. दिवाळीनंतरच्या सभेत तो निघेल म्हणतात.