आत्महत्येच्या जोखमीचे संवादाधारित मूल्यांकन

आत्महत्येच्या जोखमीचे संवादाधारित मूल्यांकन ही मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांच्या प्रशिक्षणातील एक पद्धती आहे. रुग्णाला केवळ प्रश्नावलीने न जोखता, त्याच्याशी विश्वासाचे नाते जोडून त्याच्याच शब्दांतून धोक्याचे स्वरूप समजून घेणे, हा तिचा गाभा होय.

पारंपरिक प्रशिक्षणात वय, आजार, व्यसन, पूर्वीचे प्रयत्न इत्यादी घटक तपासून रुग्णाची 'कमी' किंवा 'जास्त' जोखमीच्या गटात विभागणी करण्यावर भर असे. हे घटक निरर्थक नाहीत; मात्र एखाद्या व्यक्तीविषयी भाकीत करण्यास ते अपुरे पडतात. मागील पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यासांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात अशा भाकितांची अचूकता निव्वळ योगायोगापेक्षा किंचितच अधिक आढळली. शिवाय उलटतपासणीसारख्या प्रश्नांपुढे लाजेमुळे किंवा सक्तीने रुग्णालयात दाखल केले जाण्याच्या भीतीमुळे रुग्ण खरे बोलत नाही. रकाना भरला जातो, धोका मात्र कायम राहतो.

एशी कार्यगट

२००० साली बर्न येथील मनोविकारतज्ज्ञ कोनराड मिशेल यांच्यासह काही तज्ज्ञ स्वित्झर्लंडमधील एशी या गावी एकत्र आले. त्यांच्या मते आत्महत्येचा प्रयत्न हे केवळ आजाराचे लक्षण नसून त्यामागे व्यक्तीची जीवनकथा असते व त्या कथेची खरी जाणकार ती व्यक्तीच असते. त्यामुळे 'हे कसे घडले ते तुमच्या शब्दांत सांगा' असे सुचवून मध्ये न बोलता ऐकणे, शांतता सहन करणे, घाईने सल्ला न देणे आणि स्वतःच्या मनातील भीती ओळखणे ही कौशल्ये प्रशिक्षणार्थीने आत्मसात करावीत, अशी अपेक्षा असते. आत्महत्येविषयी थेट विचारणे टाळले जात नाही. अशा विचारण्याने तो विचार मनात रुजतो, या समजाला संशोधनाचा आधार नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड जोब्स यांच्या पद्धतीत उपचारक रुग्णाच्या परवानगीने त्याच्या शेजारी बसतो. मानसिक वेदना, ताण, अस्वस्थता, निराशा व आत्मद्वेष यांची नोंद दोघे मिळून करतात.

बर्न येथे विकसित झालेल्या संक्षिप्त उपचारात तीन सत्रे असतात. पहिल्या सत्राचे चित्रीकरण रुग्ण व उपचारक नंतर एकत्र पाहतात. पुढे दोन वर्षे रुग्णाला पत्रे पाठवली जातात. १२० रुग्णांवरील चाचणीत (२०१६) दोन वर्षांत या उपचाराच्या गटात ५, तर तुलना गटात ४१ पुनर्प्रयत्न नोंदले गेले. मृत्यू मात्र दोन्ही गटांत प्रत्येकी एक होता. त्यामुळे मृत्यू टळतात की नाही, हे या चाचणीतून ठरत नाही.