जुनी बेकरी, जुनं पोस्ट, जुनी शाळा

इंग्लंडमधल्या खेड्यांत घरांना नंबरापेक्षा नावं देण्याची हौस भारी. फाटकावरच्या पाट्या वाचत निघालात, तर मोठी गंमत दिसते. एका घराचं नाव ‘जुनी बेकरी’, पुढच्याचं ‘जुनी लोहारशाळा’, वळणावर ‘जुनं पोस्ट’ आणि चर्चजवळ ‘जुनी शाळा’. बेकरीत पाव मिळत नाही, पोस्टात तिकीट मिळत नाही. आत राहतात शहरातून आलेली, बरीचशी पैसेवाली मंडळी. गावात पूर्वी काय काय होतं, त्याची यादीच या पाट्यांवर लिहिलेली असते म्हणा ना!

तशी ही यादी इंग्रजांच्या आडनावांतही आहे. स्मिथ म्हणजे लोहार, बेकर म्हणजे पाववाला, टेलर म्हणजे शिंपी, मिलर म्हणजे पिठाच्या चक्कीवाला, कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा. आपल्याकडे लोहार, सुतार ही आडनावं आहेत, तसंच. १९७९ ते १९९० अशी अकरा वर्षं ब्रिटनच्या पंतप्रधान असलेल्या मार्गारेट थॅचर बाईंच्या आडनावाचा अर्थ काय, ठाऊक आहे? छप्पर शाकारणारा!

या सगळ्यांत लोहार आणि चाकं बनवणारा सुतार यांची जोडी महत्त्वाची. गाडीचं चाक म्हणजे काही साधं काम नव्हे. मधला तुंबा एल्म नावाच्या झाडाचा, कारण ते लाकूड चिरत नाही. आरे ओकचे, कारण ते भार सोसतात. कडेचे गोलाकार तुकडे ॲशचे, कारण ते दणके झेलतात. मग लोहार लोखंडाची धाव लालभडक तापवून चाकावर चढवायचा आणि वर भराभर पाणी ओतायचा. धाव आकसली, की सगळे सांधे करकचून आवळले जात. एकही खिळा न मारता!

ट्रॅक्टर आणि मोटारी आल्या आणि ही जोडी फुटली. काही लोहारांनी दुकानाबाहेर पेट्रोलचा पंप बसवला आणि ते मोटारी दुरुस्त करू लागले. सुताराला तेही जमण्यासारखं नव्हतं. घोड्यांना नाल मारणारा नालबंद मात्र टिकला, कारण हौसेने घोडे पाळणारे आजही आहेत. आता तो गॅसची भट्टी व्हॅनमध्ये घालून घोड्याच्या दारी जातो. १९७५च्या कायद्यानुसार नोंदणी केल्याशिवाय हे काम करता येत नाही. छप्परवालाही टिकला. गव्हाच्या पेंढ्याची किंवा बोरूची जाड छपरं पूर्वी गरिबाच्या घरावर असत. आता ती असलेली घरं महाग झाली आहेत!

मग गावातलं दुकान का बंद पडलं? त्याला एक कारण नाही. १९६४पर्यंत बऱ्याच वस्तू किती किमतीला विकायच्या, हे बनवणारी कंपनी ठरवायची. त्यामुळे साबणाची वडी खेड्यात आणि शहरात एकाच भावाने मिळे. त्या वर्षी कायदा बदलला आणि मोठी सुपरमार्केटं भाव पाडून विकू लागली. घरोघरी मोटारी आल्याच होत्या. लोक आठवड्याचं सामान शहरातून आणू लागले आणि गावातल्या दुकानात फक्त विसरलेली काडेपेटी घ्यायला येऊ लागले. त्यावर दुकान कसं चालणार? याच सुमारास, १९६३ साली, डॉ. बीचिंग यांनी तोट्यातली २,३६३ रेल्वे स्टेशनं बंद करावीत अशी शिफारस केली. ज्यांच्याकडे मोटार नव्हती, त्या म्हाताऱ्या माणसांचे तर हालच झाले.

दुकानाला आधार होता तो पोस्टाचा. तिथे खेड्यातलं पोस्ट म्हणजे बहुधा दुकानाच्या कोपऱ्यातली एक खिडकी. दुकानदारच पोस्टमास्तर. पेन्शन घ्यायला आलेल्या आजीबाई जाताना चहाची पुडी घेऊन जायच्या. पुढे पेन्शन थेट बँकेत जमा होऊ लागलं. २००७ साली तर सरकारने सुमारे २,५०० पोस्टं बंद करायचं ठरवलं.

आणि जी पोस्टं उरली, त्यांतल्या कितीतरी जणांवर भलतंच संकट कोसळलं. १९९९पासून पोस्टांत ‘होरायझन’ नावाची कॉम्प्युटरची यंत्रणा आली. हिशेबात तूट नसली तरी हा कॉम्प्युटर तूट दाखवायचा! हॅम्पशायरमधल्या साउथ वॉर्नबरो या खेड्यात जो हॅमिल्टन या बाई दुकान आणि पोस्ट चालवत. तूट दिसली म्हणून त्यांनी मदतीसाठी फोन केला. पलीकडून सांगितलेली बटणं दाबली, तर तूट दुप्पट झाली! करार असा, की तूट पोस्टमास्तरने भरायची. आकडा ३६,००० पौंडांपर्यंत गेला. घर गहाण टाकावं लागलं, कोर्टात उभं राहावं लागलं. गावाने मात्र त्यांना चोर मानलं नाही. लोकांनी वर्गणी काढून पैसे उभे केले आणि कोर्टात त्यांच्या बाजूने गर्दी केली. रोज ज्यांच्या हातून सुटे पैसे घेतो, ती बाई कशी आहे हे गावाला कॉम्प्युटरपेक्षा जास्त ठाऊक होतं. अशा ९००हून अधिक पोस्टमास्तरांना दोषी ठरवण्यात आलं होतं. काहींना तुरुंग भोगावा लागला. हॅमिल्टनबाई २०२१ साली निर्दोष ठरल्या आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांसाठी २०२४ साली खास कायदा करावा लागला. इतकी वर्षं का लागावीत, हे मला तरी उमगलेलं नाही.

पण सगळीच गावं हात बांधून बसली नाहीत हं! दुकान बंद पडतंय म्हटल्यावर कित्येक ठिकाणी गावकऱ्यांनी शेअर काढून ते विकत घेतलं. शेअर कितीही घ्या, मत एकच. निवृत्त मास्तर, घरच्या बायका, सुट्टीतली कॉलेजची मुलं पाळीपाळीने गल्ल्यावर बसतात. अशी शेकडो दुकानं आज ब्रिटनमध्ये आहेत. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या खेड्याने तर २००३ साली गावातला ‘ओल्ड क्राउन’ हा पबसुद्धा सहकारी तत्त्वावर घेतला. पब म्हणजे नुसतं दारू पिण्याचं ठिकाण नव्हे बरं का, तो गावाचा पारच असतो.

आणि लाल टेलिफोनची खोकी? सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी १९३५ साली त्यांचा हा प्रसिद्ध नमुना तयार केला. मोबाइल आले आणि खोकी ओस पडली. तेव्हा २००८पासून टेलिफोन कंपनी ती गावांना एका पौंडाला देऊ लागली. कुठे त्यात बंद पडलेलं हृदय विजेच्या झटक्याने सुरू करणारं यंत्र ठेवलंय, कुठे भाजीची रोपं. सॉमरसेटमधल्या वेस्टबरी-सब-मेंडिप या गावात ग्रंथालयाची फिरती गाडी यायची बंद झाली होती. त्यांनी २००९ साली खोक्यात फळ्या ठोकल्या आणि घरची पुस्तकं आणून मांडली. एक पुस्तक न्यायचं, आपलं एक ठेवायचं. नोंदवही नाही, दंड नाही. आत दिवा असतो, त्यामुळे रात्री झोप आली नाही तरी जाऊन पुस्तक बदलता येतं.