तीन किरण, एक ठिपका

लाल, हिरवा आणि निळा हे तीन ठिपके भिंतीवर एकावर एक पडले, पांढरा रंग दिसला, म्हणजे जुळणी झाली. घरी लेझर प्रोजेक्टर बांधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा हा पहिला गैरसमज. माझाही होता. खोलीत तीन मीटरवर ठिपका शुभ्र दिसत होता. तोच किरण सोसायटीच्या रिकाम्या हॉलमध्ये पंधरा मीटरवर टाकला, तर लाल एकीकडे, निळा दुसरीकडे.

कारण सोपं आहे. दोन रस्ते चौकात भेटतात म्हणून ते एक होत नाहीत. किरण एक व्हायला जागाही एक हवी आणि दिशाही. म्हणून जुळणी दोन ठिकाणी तपासायची: किरण एकत्र आणणाऱ्या डायक्रोइक फिल्टरच्या अगदी पुढ्यात आणि लांबच्या भिंतीवर. हिरवा किरण फिल्टरमधून सरळ जातो, तो आपला आधार. लाल किरण 45 अंशांवरच्या फिल्टरवर परावर्तित होऊन त्याला येऊन मिळतो. जवळचा फरक लाल किरणाच्या वाटेतला, फिल्टरच्या आधीचा आरसा हलवून घालवायचा, लांबचा फिल्टर कलवून. एक सुधारलं की दुसरं थोडं बिघडतं. चार-पाच फेऱ्या होतातच.

इथं अ‍ॅलन की हलक्या हातानं धरावी. फिल्टर जितका कलतो, त्याच्या दुप्पट कोनात परावर्तित किरण वळतो. फिल्टर कलवणाऱ्या एम3 स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा. तो टेकूपासून 25 मिलिमीटरवर असेल तर एका पूर्ण फेऱ्यात दहा मीटरवरचा ठिपका सुमारे 40 सेंटिमीटर सरकतो. आरपार जाणाऱ्या हिरव्याला मात्र फारसा फरक पडत नाही. एक मिलिमीटर जाडीची काच त्याला जेमतेम 0.3 मिलिमीटर बाजूला सरकवते, दिशा तीच राहते.

फिल्टर म्हणजे रंगीत काच, हा आणखी एक समज. रंगीत काच नको तो रंग शोषून घेते; डायक्रोइक फिल्टर तो परत फेकतो. काचेवर चढवलेल्या अतिपातळ थरांची ती करामत. कोन बदलला की त्याची रंगसीमाही सरकते, त्यामुळे 45 अंशांसाठीचा फिल्टर डोळ्यासमोर सरळ धरून पारखू नये. बाजूही महत्त्वाची. थर चढवलेली बाजू परावर्तित होणाऱ्या किरणाकडे हवी, नाहीतर मुख्य ठिपक्याशेजारी एक फिकट भूत उमटतं. ती ओळखायला पेन्सिलीचं टोक काचेजवळ अलगद न्यावं: टोक आणि प्रतिबिंब भिडले तर थराची बाजू, मध्ये फट राहिली तर उलटी. (काचेला टोक घासू मात्र नका.)

आणि हो, 638 नॅनोमीटरचे दोन लाल किरण डायक्रोइकनं एकत्र येणार नाहीत. रंगच सारखा, मग फिल्टर निवडणार काय? तिथं ध्रुवीकरणाचा क्यूब लागतो.

‘परावर्तित किरण काय करणार?’ हा समज सगळ्यात महागात पडतो. अर्ध्या वॉटच्या वरचा लेझर वर्ग 4 मध्ये येतो. फिल्टरवरून भलतीकडे उडालेली त्याची तिरीपही डोळ्यातला पडदा भाजू शकते. गणपतीच्या मिरवणुकांतल्या लेझरनं डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या 2023 साली कोल्हापूर-पुण्यातून आल्याच होत्या. जुळणी कमीत कमी करंटवर करावी, योग्य तरंगलांबीचा चष्मा घालूनच. घड्याळ, अंगठी काढून ठेवावी. डोकं किरणाच्या पातळीवर कधीच आणू नये, खाली पडलेला स्क्रू उचलतानासुद्धा. आधी लेझर बंद, मग स्क्रू.