वलांडी, भरती आणि मेट्रो : वेसावे कोळीवाड्याचे दैनंदिन जीवन व मोकळ्या जागेचा प्रश्न

प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांचा विचार करताना सामान्यतः लोकल गाडी, गृहनिर्माण संस्था, बाजारपेठा आणि नोकरदार मध्यमवर्ग यांचे चित्र डोळ्यांसमोर येते. परंतु पश्चिम उपनगरांच्या किनाऱ्यावर या चित्रात न बसणाऱ्या अनेक वस्त्या आहेत. खारदांडा, जुहू, वेसावे, मढ, मनोरी, गोराई ही नावे उपनगरांपेक्षा जुनी आहेत. उपनगर या वस्त्यांच्या भोवती वाढले; वस्त्या उपनगरात आलेल्या नाहीत. ही साधी गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे कोळीवाड्याकडे 'शहरातील दाट व अव्यवस्थित वस्ती' एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. प्रस्तुत लेखात अंधेरीच्या पश्चिमेकडील वेसावे कोळीवाड्याच्या दैनंदिन जीवनाचा परामर्श घेतला असून, येथील वेळेची आणि जागेची रचना समजल्याशिवाय त्याच्या भवितव्याचा प्रश्न समजू शकत नाही, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

स्थान आणि पूर्वपीठिका

वेसावे हे मालाड खाडीच्या मुखाशी वसलेले आहे. कागदोपत्री व नकाशांवर 'वर्सोवा' हे नाव रूढ असले तरी स्थानिकांच्या तोंडी वेसावे किंवा वेसावा हेच नाव आहे. खाडीच्या पलीकडे मढ असून तेथील किल्ला वेसाव्याच्याच नावाने इतिहासात ओळखला जातो. पोर्तुगीजांच्या ताब्यातील हा किल्ला वसईच्या मोहिमेत १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. वेसाव्याहून मढला जाण्यासाठी आजही तरीची सोय आहे. पाण्यातून काही मिनिटांत होणारा हा प्रवास रस्त्याने करावयाचा झाल्यास मालाडमार्गे मोठा वळसा पडतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा परिसर मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होता. १९५० मध्ये व पुन्हा १९५७ मध्ये महानगरपालिकेची हद्द उत्तरेकडे वाढविण्यात आली आणि साष्टीतील गावे बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. दरम्यान चार बंगला, सात बंगला, यारी रोड या भागांत उंच इमारती उभ्या राहिल्या. मत्स्यविज्ञानाचे उच्च शिक्षण देणारी केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थाही याच परिसरात आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेस १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईतील पहिली मेट्रो सुरू झाली. अशा रीतीने गाव जागच्या जागी राहिले आणि त्याच्या भोवतालचा प्रदेश मात्र बदलला.

दोन घड्याळांची वस्ती

कोळीवाड्यातील जीवन दोन घड्याळांवर चालते. पहिले घड्याळ शाळा, कचेरी, बस आणि मेट्रो यांचे, दुसरे समुद्राचे. समुद्राचे घड्याळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी मागे पडते. आज सकाळी ज्या वेळी पूर्ण भरती असेल, त्याहून उद्याची भरती तेवढ्या उशिरा येते. कोकण किनाऱ्यावर या वेळेचा एक सोपा हिशेब प्रचलित आहे. पक्षातील तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीस तीनच्या सुमारास, तर अष्टमीस सहाच्या सुमारास पूर्ण भरती येते व त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. हा हिशेब ढोबळ आहे. तथापि छापील कोष्टक हाती नसतानाही नौका केव्हा बाहेर काढावी आणि केव्हा आत आणावी हे त्यावरून ठरविता येते. त्यामुळे कोळ्याच्या घरी पंचांग असते ते केवळ सणवारांसाठी नव्हे.

भरती-ओहोटीच्या वेळेइतकेच तिच्या जोराला महत्त्व आहे. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास पाण्याची चढउतार मोठी असते; त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती कमी होते. त्यास भांग म्हणतात. येथील पारंपरिक मासेमारीत डोल जाळ्याचे स्थान महत्त्वाचे आहे. डोल हे लांब पिशवीसारखे जाळे असून ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून प्रवाहाच्या दिशेकडे तोंड करून लावले जाते. जाळे माशांच्या मागे जात नाही. प्रवाहच मासळी जाळ्यात आणून सोडतो. प्रवाह थांबून उलटण्याच्या आत जाळे ओढावे लागते, अन्यथा आतील मासळी बाहेर पडण्याचा संभव असतो. साहजिकच उधाणाच्या दिवसांत काम अधिक आणि भांगाच्या दिवसांत कमी, अशी पंधरवड्याची लय तयार होते. भांगाचे दिवस जाळी दुरुस्त करणे, नौकेची डागडुजी करणे आणि घरची कार्ये उरकणे यांसाठी उपयोगी पडतात.

वर्षाची लयही अशीच ठरलेली आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ असून समुद्रही खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून हंगामाचा मंगल प्रारंभ करण्याची प्रथा आजही पाळली जाते. या दोन महिन्यांत घरखर्च भागविण्यासाठी आधीच्या हंगामातील बचत आणि विशेषतः सुकी मासळी उपयोगी पडते.

श्रमविभागणी आणि स्त्रियांचे स्थान

मासळी किनाऱ्यास लागेपर्यंतचे काम नाखवा, तांडेल आणि खलाशी यांचे असते. ती किनाऱ्यास लागल्यानंतरचे बहुतेक काम स्त्रियांकडे जाते. मासळी निवडणे, बर्फात ठेवणे, सुकविणे, विकणे आणि पैशाचा हिशेब ठेवणे ही कामे स्त्रिया करतात. बाजारातील भाव ज्यांना कळतो त्यांच्याच हाती व्यवहार राहतो. या कारणाने कोळी कुटुंबात स्त्रीच्या शब्दास वजन असल्याचे दिसून येते. पहाटे मासळी घेऊन निघालेल्या कोळणीचा दिवस इमारतीतील गिऱ्हाइकाच्या दिवसाशी दररोज जोडला जातो. यारी रोडवरील गृहिणीस कोणत्या तिथीला कोणती मासळी मिळेल हे माहीत नसते. परंतु नेहमीच्या मासेवालीस त्या घरात कोणत्या वारी मासळी शिजत नाही हे पक्के ठाऊक असते.

ताज्या मासळीचा व्यवहार त्याच दिवशी पूर्ण करावा लागतो. भाव पडला तरी माल विकावाच लागतो. सुकी मासळी मात्र थांबू शकते. ज्या स्त्रीकडे बोंबील, जवळा, करंदी सुकवून ठेवण्याची सोय आहे, तिला बाजाराची वाट पाहता येते. म्हणून सुकवण हा जोडधंदा म्हणून दुर्लक्षिण्यासारखा विषय नाही. तो स्त्रियांच्या आर्थिक स्वातंत्र्याचा आणि पावसाळ्यातील कुटुंबाच्या निर्वाहाचा आधार आहे.

वलांडी : मोकळी दिसणारी जागा

बोंबलाच्या अंगात पाण्याचे प्रमाण फार असते. तो उष्ण हवेत लवकर खराब होतो. म्हणून पावसाळा संपल्यावर ऊन व वारा असलेल्या महिन्यांत तो सुकविला जातो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी आडव्या दोरीवर किंवा बांबूवर टाकतात. बांबूंच्या या मांडणीस वलांडी म्हणतात. बोंबील जमिनीपासून वर टांगल्यामुळे त्याला सर्व बाजूंनी वारा लागतो व वाळू लागत नाही. जवळा मात्र जमिनीवर पसरून वाळवावा लागतो. दोन्ही कामांसाठी समुद्राच्या जवळ, उघड्यावर, उंच इमारतीची सावली न पडणारी जागा आवश्यक असते.

येथेच प्रश्नाचे मूळ आहे. पावसाळ्यात वलांडी रिकामी असते किंवा काढून ठेवलेली असते. भांगाच्या दिवसांतही तेथे फारसा माल नसतो. अशा वेळी पाहणी करणाऱ्यास ती जागा 'मोकळी' दिसते. वस्तुतः शेतकऱ्याचे खळे उन्हाळ्यानंतर रिकामे दिसते म्हणून ते पडीक ठरत नाही. त्याचप्रमाणे नौका ओढून ठेवण्याची जागा, जाळी विणण्याचे पटांगण आणि वलांडी ही कोळीवाड्याची खळीच होत. या जागा कोणा एका कुटुंबाच्या नावावर नसून वापराने सामाईक असतात. जमिनीच्या नोंदवहीत मालकी शोधणाऱ्या व्यवस्थेला असा सामाईक वापर दिसत नाही आणि जो दिसत नाही त्याचे संरक्षणही होत नाही.

कायदा आणि नकाशा

किनारी प्रदेशासाठी केंद्र शासनाने १९९१ मध्ये किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना काढली. ६ जानेवारी २०११ रोजी तिच्या जागी नवी अधिसूचना आली. त्यात बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचा स्वतंत्र उल्लेख होता. १९८१ च्या विकास आराखड्यातील अथवा राज्य शासनाच्या संबंधित नोंदींतील कोळीवाड्यांचे सर्वेक्षण करून त्यांचे नकाशे तयार करावेत, असे तीत म्हटले होते. मासेमारांच्या सामाईक मालमत्ता, धक्के, बर्फाचे कारखाने आणि मासळी सुकविण्याच्या जागा नकाशात दाखवाव्यात, हेही तीत नमूद होते. १८ जानेवारी २०१९ रोजी या अधिसूचनेची जागा नव्या अधिसूचनेने घेतली.

या तरतुदींचे महत्त्व मोठे आहे. कोळीवाडा म्हणजे केवळ घरे नव्हेत, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत प्रथमच इतक्या स्पष्टपणे आली. परंतु कायद्यातील शब्द आणि जमिनीवरील रेषा यांत अंतर असते. सीमांकन करताना घरांचा समूह तेवढा कोळीवाडा मानला आणि वलांडीची जागा रेषेबाहेर राहिली, तर नकाशा अचूक असूनही वस्तीच्या दृष्टीने तो अपुरा ठरतो. सीमांकनाविषयी कोळी समाजाचा आग्रह असतो तो या कारणाने. हा आग्रह विकासाला विरोध म्हणून पाहिला जातो. प्रत्यक्षात तो उपजीविकेच्या साधनांची नोंद व्हावी यासाठी असतो.

समुद्रातील जागेच्या बाबतीतही असाच अनुभव येतो. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळीच्या मासेमारांनी नौका जाण्यासाठी दोन खांबांमधील अंतर ६० मीटरवरून वाढवावे अशी मागणी दीर्घकाळ केली. डिसेंबर २०२२ मध्ये ते १२० मीटर करण्याचे मान्य झाले. समुद्र अथांग असला तरी नौकेचा मार्ग ठरलेला असतो, हे या प्रकरणातून दिसून आले. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूच्या निमित्ताने वेसाव्यासही याच प्रश्नाचा विचार करणे भाग आहे. खाडीमुखाशी गाळ साचल्यास नौकांना आत येण्यासाठी भरतीची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी प्रवाहात होणारा लहानसा बदलही दैनंदिन कामाचे गणित बिघडवू शकतो.

प्रदूषण आणि शेजारसंबंध

मालाड खाडीतून उपनगरांचे सांडपाणी व कचरा समुद्रास मिळतो. डोल जाळे प्रवाहातील सर्व काही अडविते. त्यात मासळीबरोबर प्लास्टिकही येते. ते निवडून काढण्याचे श्रम पुन्हा मासेमार कुटुंबासच करावे लागतात. वेसाव्याच्या किनाऱ्यावर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांच्या पुढाकाराने स्वच्छतेचे काम सुरू झाले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा पुरस्कार दिला. मार्च २०१८ मध्ये या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिले आढळली. इमारतीतील आणि कोळीवाड्यातील रहिवासी एका कामासाठी एकत्र येऊ शकतात, याचे हे उदाहरण होय.

तथापि शेजारसंबंधांत ताणही आहे. सुक्या मासळीचा वास हा तक्रारीचा नेहमीचा विषय असतो. ज्यांनी समुद्र दिसावा म्हणून घर घेतले त्यांना समुद्रावर चालणारे काम नकोसे वाटते, ही विसंगती अनेक किनारी उपनगरांत आढळते. दुसऱ्या बाजूस कोळीवाड्यातील नव्या पिढीचा काही भाग शिक्षण घेऊन नोकरीकडे वळला आहे. एकाच घरात मोठा भाऊ नौकेवर आणि धाकटा कचेरीत, असे दृश्य अपवादात्मक राहिलेले नाही. मात्र नोकरी करणारा तरुणही नारळी पौर्णिमेस आणि होळीस पारंपरिक वेशात उभा राहतो, कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या यात्रेस जातो. 'वेसावकर आणि मंडळी' यांच्या कोळीगीतांमुळे या गावाचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले आहे. परंतु गाणे व खाद्यमहोत्सव टिकले आणि वलांडी गेली, तर संस्कृतीचे प्रदर्शन तेवढे उरेल. तिचा आधार उरणार नाही.

निष्कर्ष

१) वेसावे कोळीवाड्याचे दैनंदिन जीवन भरती-ओहोटी व तिथी यांच्या लयीवर आधारलेले आहे. शहराच्या ठरावीक वेळापत्रकाने त्याचे मूल्यमापन करणे योग्य नाही.

२) मासळी सुकविण्याच्या जागा, जाळी दुरुस्तीची पटांगणे आणि नौका ठेवण्याच्या जागा ही उत्पादनाची साधने आहेत. काही महिने रिकाम्या दिसतात म्हणून त्या विनावापर ठरत नाहीत.

३) या जागा कमी झाल्यास त्याचा पहिला व सर्वांत मोठा परिणाम स्त्रियांच्या उत्पन्नावर आणि पावसाळ्यातील कुटुंबाच्या निर्वाहावर होतो.

४) सीमांकन करताना वर्षातील एकाच दिवसाची पाहणी पुरेशी नाही. हंगामात व हंगामाबाहेर, तसेच उधाणात व भांगात, अशी पाहणी स्थानिक स्त्री-पुरुषांच्या सहभागाने होणे आवश्यक आहे.

समारोप

उपनगर आणि कोळीवाडा हे एकमेकांचे शेजारी आहेत. एकाचे ताट दुसऱ्याच्या श्रमावर अवलंबून आहे. मेट्रोतून उतरणारा प्रवासी आणि उधाणाची वेळ पाहून निघणारा तांडेल एकाच रस्त्याने चालतात; त्यांची घड्याळे तेवढी वेगळी आहेत. नगररचनेने यांपैकी एकच घड्याळ खरे मानले, तर दुसरे हळूहळू बंद पडेल. ते चालू ठेवण्यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. ज्या जागेवर आज बोंबील सुकतो ती जागा बोंबील सुकविण्याचीच आहे, एवढी नोंद नकाशावर होणे ही त्याची पहिली पायरी होय.