वासराला हगवण का लागते?

गाय व्याली की शेजारीपाजारी चीक द्यायचा आणि घरी खरवस करायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. पण मित्रांनो, त्या चिकावर पहिला हक्क कोणाचा? गोठ्यात नुकत्याच धडपडत उभ्या राहिलेल्या वासराचा. त्याला तो वेळेवर मिळाला नाही, तर पहिल्या महिन्यातच हगवण त्याचा जीव घेऊ शकते. हे कसे घडते ते पाहू.

हगवण हा एकच रोग नव्हे. तिच्यामागे निरनिराळे सूक्ष्मजीव असतात आणि वासराच्या वयावरून त्यांचा अंदाज बांधता येतो. पहिल्या तीन-चार दिवसांत बहुधा ई. कोलाय या जिवाणूचा एक विषारी प्रकार आढळतो. त्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत रोटा विषाणूचा जोर असतो. साधारण एक ते चार आठवड्यांच्या वासरांत क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशी परजीवी सापडतो. ताप असेल आणि शेणात रक्त दिसले, तर साल्मोनेला जिवाणूचा संशय घ्यावा लागतो. कित्येकदा दोन-तीन जंतू एकदमच असतात. म्हणून नक्की निदान शेणाच्या तपासणीनेच होते.

आता यातील भौतिकशास्त्र पाहा. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते. क्षार जिकडे जास्त, तिकडे पाणी ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. ई. कोलायच्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार आतड्याच्या पोकळीत सोडू लागतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. रोटा विषाणूची तऱ्हा वेगळी. तो आतड्यातील रसांकुरांच्या टोकांवरील पेशी मारतो. मग दुधातील साखर पचत नाही. ती पोकळीतच राहून पाणी ओढते. वाटा दोन, परिणाम एकच: शरीर कोरडे पडते.

३० किलो वजनाच्या वासराच्या शरीरात २० लिटरांहून अधिक पाणी असते. त्यातील ३ लिटर गेले, तरी डोळे खोल जातात आणि उभे राहणे जड जाते. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती लगेच पूर्ववत होत नाही. म्हणून जंतू कोणताही असो, आधी पाणी आणि क्षार भरून काढावे लागतात. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज शिरते ते सोडियमला बरोबर घेऊन, आणि त्यांच्यामागून पाणीही आत येते. म्हणूनच क्षारांच्या पाण्यात ग्लुकोज घालतात. दूध मात्र बंद करू नये. ते थोडे थोडे, वेगळ्या वेळी पाजावे. विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत, तेव्हा औषध पशुवैद्यानेच ठरवावे.

पण मुळात वासरू इतके दुबळे का? माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी प्रतिपिंडे जन्मापूर्वीच वारेतून मिळतात. गाईच्या वारेतून ती पलीकडे जात नाहीत. ती असतात चिकात. वासराचे आतडे ती अखंड शोषू शकते ते जन्मानंतर जेमतेम २४ तास, आणि ही क्षमता तासागणिक घटत जाते. म्हणून ३० किलोच्या वासराला पहिल्या काही तासांतच सुमारे ३ लिटर चीक पाजावा.

या संशोधनाचा माणसालाही उपयोग झाला. अमेरिकेत नेब्रास्का येथे चार्ल्स मेबस यांनी १९६९ साली हगवण लागलेल्या वासरांत हा विषाणू दाखवला. १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लहान मुलांच्या आतड्यात त्याचाच भाऊबंद सापडला. आज मुलांना रोटाची लस देतात.

तुमच्या घरी गोठा असेल, तर आजारी वासरू वेगळे बांधा आणि त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. साल्मोनेला आणि क्रिप्टोस्पोरिडियम माणसालाही बाधतात. आणि गाय व्याली की आधी वासराला पोटभर पिऊ द्या. खरवस उरलेल्या चिकाचा करावा.